आज्ञेतला मान



घरी पाहुणे आले की आपण धाकट्याला म्हणतो, 'इकडे बस', पाहुण्यांना म्हणतो, 'या, बसा', आणि सभेत अध्यक्षांना विनंती करतो, 'आपण स्थानापन्न व्हावे'. सांगणे एकच, पण समोरच्याचे वय, नाते आणि मान क्रियापदाच्या रूपातच उतरलेले असतात. इंग्रजीत ही सोय नाही. तिथे नातवाला आणि आजोबांना क्रियापद एकच, फार तर सोबत 'प्लीज' येते. म्हणून इंग्रजीच्या वाटेने स्पॅनिश शिकणारा आपला विद्यार्थी आज्ञार्थाच्या धड्यापाशी अडखळतो. खरे तर मराठीच्या वाटेने गेला तर हा धडा त्याला सोपा आहे.

स्पॅनिशमध्ये नियमित क्रियापदांचे तीन गट आहेत. 'आब्लार' म्हणजे बोलणे, 'कोमेर' म्हणजे खाणे, 'एस्क्रिबीर' म्हणजे लिहिणे. शेवटी आर, एर किंवा ईर. जवळच्या माणसाला 'तू' म्हणून सांगायचे, तर 'आब्ला', म्हणजे बोल; 'कोमे', खा; 'एस्क्रिबे', लिही. गंमत म्हणजे 'तो बोलतो' यालाही 'आब्ला'च म्हणतात. आज्ञा की माहिती, हे आवाजावरून आणि प्रसंगावरून कळते.

आता मान द्यायचा आहे. त्यासाठी स्पॅनिशमध्ये 'उस्तेद' हे सर्वनाम आहे. त्याचे मूळ 'व्हुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे साधारण 'आपली कृपा'. समोरच्याला थेट 'तू' न म्हणता त्याच्या कृपेला उद्देशून बोलायचे. म्हणून क्रियापदही तृतीय पुरुषी येते, आणि तेही इच्छा व्यक्त करणाऱ्या रूपात. 'महाराजांनी बसावे' हा आपला विध्यर्थ आठवा. त्यामागचा भाव हाच.

हे रूप करायची युक्ती सोपी आहे: शेवटच्या स्वराची अदलाबदल. 'आब्ला'चे 'आब्ले' होते, 'कोमे'चे 'कोमा' आणि 'एस्क्रिबे'चे 'एस्क्रिबा'. अनेकांना मानाने सांगायचे, तर पुढे 'न' जोडा: आब्लेन, कोमान, एस्क्रिबान. स्पेनमध्ये मित्रमंडळींसाठी वेगळे अनेकवचन आहे: आब्लाद, कोमेद, एस्क्रिबीद. लॅटिन अमेरिकेत मात्र मित्र असोत वा परके, अनेकांना 'न'चेच रूप चालते.

खरी मेख इथेच आहे. 'ए' म्हणजे आदर, असे पाठ केले की घोटाळा झालाच. 'आब्ले'तला 'ए' मानाचा, पण 'कोमे'तला 'ए' सलगीचा. म्हणून आधी क्रियापदाचा गट ओळखायचा, मग स्वर ठरवायचा. एखाद्या वयस्कर, अनोळखी बाईंना जेवणाचा आग्रह करताना तोंडून 'कोमे' गेले, तर आपण त्यांना सरळ 'खा गं' म्हटल्यासारखे होते. पुढे 'पोर फावोर', म्हणजे कृपया, जोडले तरी क्रियापदातली सलगी पुसली जात नाही.

मात्र सलगीची सीमा सगळीकडे सारखी नाही. स्पेनमध्ये आज दुकानात, कचेरीत अनोळखी माणसेही सहज 'तू' म्हणतात. उलट कोलंबियाच्या काही भागांत घरच्या माणसांशीसुद्धा 'उस्तेद'ने बोलतात. अर्जेंटिनात 'तू'ऐवजी 'व्होस' आहे. तिथे 'आब्ला' म्हणताना जोर शेवटच्या स्वरावर येतो. तेव्हा नव्या गावी गेल्यावर आधी कान उघडे ठेवावेत. शंका असेल तिथे मानाचे रूप वापरावे. सलगी नंतर वाढवता येते, तुटलेला मान जोडणे मात्र कठीण.

मित्रांनो, 'अहो' आणि 'अरे' यांतला फरक कुणी न शिकवता ज्याच्या जिभेवर बसलेला आहे, त्याला 'आब्ला' आणि 'आब्ले' यांतला फरक परका वाटायचे कारण नाही. स्पॅनिशची वही उघडाल तेव्हा क्रियापदापुढे इंग्रजी अर्थ लिहू नका. 'बोल, बोला, बोलावे' लिहा. रूपे पाठ करावी लागतीलच, पण ती कुणासाठी आहेत हे तुम्हाला आधीच ठाऊक असेल.