कागदांचा स्वीकार : कॅथलिक विद्यापीठांच्या अभिलेखागारांविषयी



एखाद्या विद्यापीठाच्या अभिलेखागारात जुने कागद कोणत्या वाटेने येतात, आणि आलेले कागद ते कोणत्या अटींवर आपले म्हणते, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. तो प्रथमदर्शनी कोरडा वाटण्याचा संभव आहे. अभिलेखागारात काय आहे हे आपण आवर्जून विचारतो. ते तेथे आले कसे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. परंतु पुढे निर्माण होणाऱ्या बहुतेक वादांचे मूळ त्या येण्याच्या क्षणातच असते, असे माझे मत आहे. उदाहरणे मी अमेरिकेतील कॅथलिक विद्यापीठांची घेणार आहे. तेथे विद्यापीठ, ते स्थापन करणारा धर्मसंघ आणि कागद देणारी खाजगी व्यक्ती असे तीन निरनिराळे मालक एकाच छपराखाली येतात, आणि त्यामुळे स्वीकाराचा प्रश्न विशेष स्पष्टपणे दिसतो.

प्रारंभी शब्दाविषयी थोडेसे. नव्या वस्तूची नोंद करून तिला क्रमांक देण्याच्या क्रियेला आपल्या ग्रंथालयांत ‘दाखल करणे’ म्हणतात. हा शब्द सोयीचा आहे. मात्र रोगी दाखल होतो, विद्यार्थी दाखल होतो आणि फिर्यादही दाखल होते. त्यात दाराच्या आत येणे एवढेच सूचित होते. ‘स्वीकार’ या शब्दात जी संमती आणि जी जबाबदारी आहे ती त्यात नाही. म्हणून भाषांतर करताना नोंदवहीच्या संदर्भात मी ‘दाखल’ म्हणते आणि दाता व संस्था यांच्यातील व्यवहाराला ‘स्वीकार’ म्हणते.

इंडियाना राज्यातील नोत्र दाम विद्यापीठाची स्थापना १८४२ साली झाली. तेथील ग्रंथपाल जेम्स एडवर्ड्स (१८५० ते १९११) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक मोठा संकल्प केला: अमेरिकेतील कॅथलिक समाजाचे सारे जुने कागद एका ठिकाणी गोळा करावयाचे. धर्मगुरूंच्या घरांतून पत्रव्यवहार रद्दी म्हणून जळत होता, तळघरांत कुजत होता. एडवर्ड्स यांनी बिशपांना पत्रे लिहिली, प्रवास केला, आर्जवे केली. आणि सिनसिनाटी, व्हिन्सेन्स, डेट्रॉइट, न्यू ऑर्लिअन्स अशा जुन्या धर्मप्रांतांचे कागद नोत्र दामला आणले. ब्राउनसन या नामांकित लेखकाचे कागदही त्यांनीच मिळवले. बिशपांची चित्रे आणि शिरोभूषणे यांचे तर त्यांनी एक स्वतंत्र दालनच थाटले होते! याच सुमारास गावोगाव हिंडून दप्तरे धुंडाळणाऱ्या राजवाड्यांची आठवण मराठी वाचकाला येथे झाल्यावाचून राहणार नाही.

एडवर्ड्स यांच्या उत्साहाविषयी आदर बाळगूनही एक गोष्ट नमूद करावी लागते. संग्रह करणे निराळे आणि संग्रह लावणे निराळे. त्यांच्या पश्चात हे कागद बरीच वर्षे तसेच पडून राहिले, आणि १९२९ साली अभिलेखपाल झालेल्या फादर मॅकअॅव्हॉय यांना त्यांची व्यवस्था हाती घ्यावी लागली. शिवाय त्या पिढीच्या पद्धतीत एक मूलभूत प्रश्न अनुत्तरित राहत असे. बिशपाने आपल्या कपाटातील पत्रे दिली. पण ती पत्रे त्याची स्वतःची होती की त्याच्या पदाची? पदाची असतील, तर ती देऊन टाकण्याचा अधिकार त्याला होता काय? स्नेहाच्या व्यवहारात असे प्रश्न विचारणे उद्धटपणाचे वाटते. ते विचारावे लागू नयेत, म्हणूनच पुढे दानपत्राची प्रथा रूढ झाली.

दानपत्र म्हणजे बहुधा दोन-तीन पानांचा करार. कागद दान म्हणून दिले आहेत की केवळ ठेव म्हणून, हे त्यात प्रथम लिहिलेले असते. दान दिलेली वस्तू संस्थेची होते. ठेवीची मालकी ठेवणाऱ्याकडेच राहते, आणि तो ती परत मागू शकतो. धर्मसंघाचे दप्तर विद्यापीठात असते ते पुष्कळदा ठेव म्हणून. नको असलेले कागद परत करावयाचे की नष्ट करावयाचे, कोणते कागद किती काळ बंद ठेवावयाचे, हेही त्यातच ठरते. संग्रहाची किंमत किती, हे मात्र अभिलेखागार स्वतः ठरवीत नाही. दात्याला करात सवलत हवी असेल, तर ज्याला ती वस्तू मिळणार आहे त्यानेच तिचे मोल सांगणे योग्य नव्हे. ते काम त्रयस्थाचे.

कागदाची मालकी आणि मजकुराचा स्वामित्वहक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सामान्य दात्याला समजावून सांगणे सर्वांत कठीण जाते. माझ्याकडे आलेले पत्र माझे आहे. त्यातील शब्द लिहिणाऱ्याचे आहेत. मिलवॉकी येथील मार्केट विद्यापीठाने १९५७ साली टोल्किन यांच्याकडून त्यांच्या प्रसिद्ध कादंबऱ्यांची हस्तलिखिते दीड हजार पौंडांना विकत घेतली. कागद विद्यापीठाचे झाले. प्रकाशनाचे हक्क लेखकाकडे आणि त्याच्या वारसांकडेच राहिले. तेव्हा गठ्ठ्यांत यावयाचे राहून गेलेले काही कागद लेखकाच्या मुलाने कित्येक वर्षांनी स्वतःहून पाठवून दिले. असे वारस लाभणे हे अभिलेखपालाचे भाग्यच.

त्याच मार्केट विद्यापीठात डोरोथी डे यांचे कागद आहेत. १९३३ साली ‘कॅथलिक वर्कर’ हे पत्र काढून एक पेनीला विकणारी, बेघरांसाठी घरे उघडणारी आणि युद्धविरोधापायी अनेकदा तुरुंगात गेलेली ही स्त्री. तिचे कागद तिच्या हयातीतच, १९६२ पासून, विद्यापीठाकडे येऊ लागले. दैनंदिन्यांविषयी मात्र तिची अट होती: आपल्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षे त्या उघडू नयेत. १९८० साली तिचे निधन झाले; अट पुरी होईपर्यंत दैनंदिन्या बंद राहिल्या आणि २००८ साली त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. अट कशी असावी, याचा हा नमुना म्हणता येईल. मुदत निश्चित आहे, ती कोणापासून मोजावयाची हे स्पष्ट आहे, आणि ती पाळणे संस्थेच्या हातात आहे.

या शेवटच्या बाबीकडे दुर्लक्ष झाले म्हणजे काय होते, ते बॉस्टन कॉलेजच्या प्रकरणात दिसले. नावात कॉलेज असले तरी हे जेझुइटांनी स्थापन केलेले विद्यापीठ आहे, आणि आयर्लंडविषयक संग्रहासाठी ते प्रसिद्ध आहे. २००१ ते २००६ या काळात उत्तर आयर्लंडमधील सशस्त्र संघर्षात प्रत्यक्ष भाग घेतलेल्या दोन्ही बाजूंच्या लोकांच्या मुलाखती या विद्यापीठासाठी ध्वनिमुद्रित करण्यात आल्या. आयरिश रिपब्लिकन आर्मीचे जुने सैनिक होते, तसेच ब्रिटनशी एकनिष्ठ असलेल्या गटांतील माणसेही होती. सांगणारा जिवंत असेतो त्याच्या अनुमतीवाचून मुलाखत खुली होणार नाही, हे आश्वासन लेखी होते. त्या आश्वासनावर विसंबून माणसे बोलली. अशा चळवळींत तोंड उघडणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको.

२०१० साली दोन मृत व्यक्तींच्या मुलाखतींवर आधारलेले पुस्तक निघाले, आणि असा संग्रह अस्तित्वात असल्याचे जगजाहीर झाले. २०११ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या विनंतीवरून अमेरिकन सरकारने ध्वनिफितींची न्यायालयामार्फत मागणी केली. १९७२ साली बेलफास्टमधून पळवून नेऊन ठार मारण्यात आलेल्या जीन मॅककॉनव्हिल या दहा मुलांच्या आईच्या खुनाचा तपास चालू होता. खालच्या न्यायालयाने पुष्कळ मुलाखती देण्याचा हुकूम केला. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने ती संख्या अकरा भागांवर आणली. परंतु भाग अकरा असोत की एक, आश्वासन मोडावयाचे ते मोडलेच. २०१४ साली विद्यापीठाने मुलाखतदारांना आपापल्या फिती परत नेण्याची मुभा दिली. म्हणजे इतिहासासाठी जमवलेले साधन इतिहासाच्या हातून गेले.

या प्रकरणात वाईट वाटते ते एका वाक्यांशाचे. प्रकल्पाच्या संचालकाशी झालेल्या करारात गुप्ततेची हमी ‘अमेरिकन कायदा देईल त्या मर्यादेत’ अशा अर्थाच्या शब्दांनी बांधलेली होती. मुलाखतदारांनी सह्या केल्या त्या पत्रात ते शब्द नव्हते. त्या आईच्या मुलांना सत्य कळण्याचा हक्क होता, हे मला पूर्णपणे मान्य आहे. पण ज्याच्याकडून आपण काही स्वीकारतो, त्याला आपली दुर्बलता आधी सांगणे हे आपले कर्तव्य नव्हते काय? विश्वासू ग्रंथपाल कायद्यापुढे उभा राहू शकत नाही, एवढे त्या पत्रात लिहिले असते, तर कदाचित कोणी बोललेही नसते. तो तोटा पत्करावयास हवा होता.

आता याच्या उलट टोकाचे, म्हणजे देणाऱ्यालाच लाज आणणाऱ्या कागदांचे उदाहरण. मेरीलँड प्रांताच्या जेझुइट संघाने आपले जुने दप्तर वॉशिंग्टन येथील जॉर्जटाउन विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेव म्हणून ठेवले. या संघाच्या मालकीची शेते होती आणि शेतांवर गुलाम होते. १८३८ साली संघाने २७२ स्त्री-पुरुष व मुले लुइझियानातील मळेवाल्यांना १,१५,००० डॉलरांना विकली, आणि त्या रकमेचा काही भाग जॉर्जटाउनचे कर्ज फेडण्यात गेला. विक्रीचा करारनामा दप्तरात होता. त्यात माणसांची नावे होती, वये होती. तो कोणी काढून टाकला नाही, ही या हकीकतीतील महत्त्वाची गोष्ट होय. २०१५ नंतर विद्यापीठात या इतिहासाची चौकशी सुरू झाली, तेव्हा त्या नावांना धरून आणि चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदींशी ताडून वंशजांचा शोध लागू लागला. आपल्या खापरपणज्याचे नाव पूर्वी ठाऊक नसलेल्या माणसांना ते एका विक्रीपत्रात सापडले. २०१७ साली विद्यापीठाने विक्री करणाऱ्या धर्मगुरूचे एका इमारतीला दिलेले नाव काढून त्या यादीतील पहिल्या माणसाचे, आयझॅक हॉकिन्सचे, नाव तिला दिले.

येथे एक विरोध लक्षात घेण्याजोगा आहे. चर्चच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेप्रमाणे प्रत्येक बिशपाच्या कचेरीत एक गुप्त दप्तर असते. नैतिक अपराधांच्या खटल्यांचे कागद, आरोपी मृत झाला असेल किंवा शिक्षेला दहा वर्षे झाली असतील, तर दरवर्षी नष्ट करावेत आणि संक्षिप्त गोषवारा व निकाल तेवढा ठेवावा, असा तेथील नियम आहे. त्याचा हेतू काहीही असो; विद्यापीठातील अभिलेखपालाची शिकवण याहून अगदी निराळी असते. आणि तरीही दोघे एकाच श्रद्धेचे असू शकतात.

शेवटी आजच्या परिस्थितीविषयी. अमेरिकेत १९६५ च्या सुमारास पावणेदोन लाखांहून अधिक धर्मभगिनी होत्या. आता ती संख्या चाळीस हजारांहूनही कमी आहे, आणि त्यांतील बहुसंख्य वृद्ध आहेत. शाळा आणि रुग्णालये चालवणारे संघ एकामागून एक आपली घरे मिटवीत आहेत. त्यांच्या दप्तरांसाठी बॉस्टन कॉलेजने आता स्वतंत्र कोठार उघडले आहे. वरील प्रकरणानंतर याच संस्थेवर हा विश्वास टाकला जावा, ही गोष्ट मला उमेदीची वाटते. येणाऱ्या पेट्यांत मठाच्या रोजच्या घडामोडींच्या वह्या, हिशेब, दिवंगत भगिनींचे मृत्युलेख, नकाशे, छायाचित्रे असे सर्व काही असते. हयात भगिनींच्या व्यक्तिगत कागदांचे काय करावयाचे, संघ विसर्जित झाल्यावर अनुमती कोणी द्यावयाची, याची चर्चा पेट्या हलण्यापूर्वीच करावी लागते. पेट्या आल्या की त्या प्रथम वेगळ्या खोलीत ठेवून बुरशी आणि कसर पाहतात. मग दाखल क्रमांक.

मठ सोडण्यापूर्वी वृद्ध भगिनी पुष्कळदा कपाटे आवरावयास बसतात. पत्रे वर्षवार लावतात, कोणाचे मन दुखावेल अशा चिठ्ठ्या बाजूला काढतात, फाटके फेकून देतात. ज्या क्रमाने कागद साठले तो क्रमही पुरावाच असतो, हे अभिलेखपालांना मान्य असलेले तत्त्व आहे. पण आयुष्यभर नीटनेटकेपणाचे व्रत पाळलेल्या माणसाला ते पटवणार कसे? म्हणून करारावर सह्या होण्याच्याही आधी अभिलेखपाल मठात जातो, चहा घेतो, आणि अतिशय नम्रपणे सांगतो, “आपण काहीही आवरू नका.”