माणसांची व्यवस्था : एम्प्रेस मिलचा धडा

धंद्याची व्यवस्था म्हणजे काय, असा प्रश्न विचारला, तर बहुतेकांच्या डोळ्यांपुढें चोपड्या, हिशेब आणि यंत्रें उभीं राहतात. परंतु ज्यांच्या हातांनीं तीं यंत्रें चालतात, त्या माणसांची व्यवस्था हाच या विषयाचा गाभा होय. नागपूरकरांना याचें उदाहरण शोधण्यासाठीं दूर जावयास नको. धंतोलीहून लोहमार्ग ओलांडून पलीकडे गेलें, म्हणजे जुम्मा तलावाचा, अर्थात् आजच्या गांधीसागराचा, परिसर लागतो. तेथेंच एम्प्रेस मिल उभी होती.

व्यवस्थेचें पहिलें अंग योजना. जमशेटजी टाटा यांनीं १८७४ सालीं पंधरा लाख रुपये भांडवलाची कंपनी स्थापन केली, तेव्हां गिरणी म्हणजे मुंबईच, असा समज रूढ होता. त्यांनीं मात्र हिशेब निराळा मांडला. कापूस भोंवतालच्या मुलखांत पिकत होता, आगगाडी १८६७ सालींच नागपुरास पोहोंचली होती आणि कोळसा वरोऱ्याच्या खाणींतून मिळण्यासारखा होता. घेतलेली जागा दलदलीची असल्यानें तीवर भर घालावी लागली. हा गृहस्थ सोनें मातींत घालीत आहे, असें म्हणून एका मारवाडी सावकारानें पैसे देण्याचें नाकारलें; पुढें त्याच सावकारानें, टाटांनीं माती घालून सोनें काढलें, अशी कबुली दिल्याची कथा प्रसिद्ध आहे. १ जानेवारी १८७७ रोजीं गिरणी सुरू झाली.

दुसरें अंग माणसाची निवड. गिरणीची सूत्रें बेझनजी दादाभाई मेहता यांच्या हातीं देण्यांत आलीं. ते रेल्वेच्या मालखात्यांतून आलेले. सूतकताईचा अनुभव त्यांना नव्हता. परंतु धंदा शिकवितां येतो, जबाबदारीची वृत्ति उसनी आणतां येत नाहीं. नेमणूक करतांना माणूस काय जाणतो याबरोबरच तो काय शिकूं शकेल हेंहि पाहावें लागतें, हें तत्त्व त्या निवडींत दिसून येतें.

तिसरें अंग सर्वांत कठीण, आणि तें म्हणजे कामगारांशीं असलेला संबंध. गिरणी सुरू झाली त्याच वर्षीं तेथील कामगारांनीं मजुरीच्या दरांवरून संप केला; देशांतील गिरणी-कामगारांच्या अगदीं आरंभींच्या संपांत त्याची गणना होते. दुसरी अडचण गैरहजेरीची. खेड्यांतून आलेल्या माणसाचें मन शेताकडे ओढ घेई, आणि घड्याळाच्या ठोक्यावर चालणारें आयुष्य त्याच्या अंगवळणीं पडलेलें नसे. अशा वेळीं ‘मजूर आळशी आहे’ असा निकाल देणें सोपें असतें. जाणता व्यवस्थापक उलट विचारतो, येथें राहावें असें या माणसास कां वाटावें?

एम्प्रेस मिलनें या प्रश्नास कृतीनें उत्तर देण्याचा प्रयत्न केला. हवेंत ओलावा ठेवणारीं साधनें बसविलीं. कोरड्या हवेंत सूत वारंवार तुटतें, म्हणून हा ओलावा मालाच्याहि हिताचा होता. आग विझविण्यासाठीं पाण्याच्या फवाऱ्यांची योजना केली. १८८६ सालीं निवृत्तिवेतनाचा निधि सुरू झाला, आणि १८९५ पासून अपघातांत जायबंदी झालेल्यांना भरपाई मिळूं लागली. असल्या भरपाईचा कायदा देशांत १९२३ सालीं झाला, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या पावलाचें महत्त्व कळतें.

तथापि येथेंच एक भेद ध्यानांत ठेवावयास हवा. मालकाच्या इच्छेनें मिळतें तें औदार्य. नियमानें मिळतो तो हक्क. औदार्य मालकाबरोबर बदलतें, हक्क टिकतो. शिवाय पोटाची सोय झाली म्हणून तोंड बंद राहावें, असा त्याचा अर्थ नव्हे. १९२६ सालच्या कायद्यानें कामगार संघांना मान्यतेची वाट मिळाली, आणि १९४८ च्या कारखाना कायद्यानें पांचशें किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कल्याण अधिकारी नेमणें आवश्यक केलें. एका गिरणीनें स्वेच्छेनें केलेलें काम असें हळूहळू सर्वांचें कर्तव्य ठरलें.

पुढें १९८६ सालीं ही गिरणी राज्य सरकारनें आपल्याकडे घेतली आणि २००२ सालीं ती बंद झाली. गिरण्या बंद पडण्यास कारणें अनेक असतात. पण कामगाराच्या दृष्टीनें त्या सर्वांचा शेवट एकच, हातचें काम जाणें. म्हणून यंत्रांची वेळेवर नवी जुळणी करणें हेंहि कामगार-कल्याणच होय. विलायतेंतील पुष्कळ गिरण्या जुन्या चात्यांनाच चिकटून होत्या, त्या काळांत टाटांनीं नागपुरांत रिंग पद्धतीच्या चात्यांचे प्रयोग केले होते. ती दूरदृष्टि आणि निवृत्तिवेतनाचा निधि या दोन वस्तु परस्परांहून वेगळ्या नव्हेत.

आज त्या जागेवर बाजारपेठेची भव्य इमारत आहे, आणि धंतोलींत रुग्णालयांची दाटी आहे. तेथें चाते नाहींत. परंतु रात्रपाळीची परिचारिका आहे, सफाई करणारा माणूस आहे, दारावरचा पहारेकरी आहे. त्यांची पाळी किती तासांची, इजा झाल्यास भरपाई कोणाकडून, तक्रार सांगावी तर कोणास, हे प्रश्न दहा माणसांच्या संस्थेसहि तितकेच लागू आहेत. त्यांचीं उत्तरें ज्या संस्थेच्या नियमांत लिहिलेलीं असतील, तेथें माणसांची व्यवस्था आहे असें समजावें. जेथें तीं केवळ धन्याच्या मर्जीत असतील, तेथें हिशेब कितीहि चोख असला, तरी व्यवस्था अपुरीच होय.