क्षीण आवाजासाठी जागा
(शाळेच्या विज्ञान मंडळापुढील व्याख्यान)



वर्गात पहिल्या बाकावरचा मुलगा खणखणीत आवाजात उत्तर देतो, आणि त्याच्या पाठोपाठ शेवटच्या बाकावरची मुलगी हलक्या आवाजात काही विचारते. अनुभवी शिक्षकांना दोन्ही आवाज ऐकू येतात. पहिला आवाज थांबताच त्यांचा कान दुसऱ्याकडे वळलेला असतो. रेडिओच्या ग्राही संचाला हे कसब उपजत नसते. ते त्याच्या अंगी यावे म्हणून जी योजना संचात केलेली असते, तिला स्वयंचलित वर्धन नियंत्रण किंवा थोडक्यात ‘एजीसी’ म्हणतात. हौशी रेडिओचालकाला ही योजना वापरता येणे म्हणजे काय, हा या व्याख्यानाचा विषय.

प्रथम प्रश्नाचे परिमाण पाहू. सरकारी परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळवलेला हौशी चालक, ज्याला सारे जग ‘हॅम’ म्हणते, ७ मेगाहर्ट्झच्या म्हणजे ४० मीटरच्या पट्ट्यावर ऐकत बसतो. संदेशाचा जोर दाखवणाऱ्या ‘एस-मीटर’वर एस-९ ही खूण रूढ संकेतानुसार ५० मायक्रोव्होल्टची असते. तिथून एकेक पायरी खाली उतरताना हा दाब निम्मा होत जातो. एस-३ ला तो एक मायक्रोव्होल्टपेक्षाही कमी, सुमारे ०.८ भरतो. उलट शेजारच्या गल्लीतला चालक एस-९ च्याही २० डेसिबल वर, म्हणजे ५०० मायक्रोव्होल्टने येऊन धडकतो. दोहोंत सहाशेपटींहून अधिक अंतर. क्षीण आवाजासाठी बटण वाढवून ठेवावे, तर शेजाऱ्याच्या पहिल्याच शब्दाला कान फाटायची वेळ येते. शेजाऱ्यासाठी ते उतरवावे, तर दूरचा माणूस नाहीसा होतो.

नभोवाणीच्या आरंभीच्या श्रोत्यांनाही हा त्रास होता. आयनांबरातून परावर्तित होऊन येणाऱ्या दूरच्या केंद्राचा आवाज चढे-उतरे, आणि श्रोत्याचा हात सतत बटणावर राही. हॅरॉल्ड व्हीलर या अमेरिकन अभियंत्याने १९२५-२६ च्या सुमारास यावर तोड काढली. डिटेक्टरमधून बाहेर येणाऱ्या संदेशाचा जोर मोजायचा, त्याच्या प्रमाणात एक नियंत्रक दाब तयार करायचा आणि तो मागे फिरवून आधीच्या वर्धकांना द्यायचा. संदेश प्रबळ झाला की वर्धन घटते, क्षीण झाला की वाढते, आणि कानावर पडणारा आवाज जवळजवळ एकसारखा राहतो. १९२९ मध्ये फिल्को कंपनीच्या ‘मॉडेल ९५’ या रेडिओत ही योजना घरोघरच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचली.

परंतु नभोवाणीचे केंद्र आणि हौशी चालक यांच्या प्रक्षेपणात एक मूलभूत फरक आहे. मध्यमलहरींवरील केंद्राची वाहक लहर निवेदक गप्प असतानाही अखंड चालू असते. एजीसीला मोजण्यासाठी काहीतरी कायम हाती असते. लघुलहरींवर बोलणारे हौशी चालक मुख्यतः ‘एसएसबी’ पद्धत वापरतात. तीत वाहक लहर पाठवलीच जात नाही. बोलणारा श्वास घ्यायला थांबला की संदेश शून्यावर येतो. त्या क्षणी एजीसीने वर्धन लगेच पूर्ण वाढवले, तर दोन शब्दांमधल्या प्रत्येक फटीतून खरखर उसळेल. म्हणून एजीसीला दोन वेगळ्या गती दिलेल्या असतात. प्रबळ संदेश येताच वर्धन कमी करण्याचे काम ती काही सहस्रांश सेकंदांत करते. संदेश गेल्यावर वर्धन पूर्ववत करताना मात्र ती सावकाश चालते. संचावरील ‘फास्ट’, ‘मीडियम’ आणि ‘स्लो’ हे पर्याय या दुसऱ्या गतीचे असतात. ‘फास्ट’मध्ये वर्धन सेकंदाच्या काही अंशांत परत येते, ‘स्लो’मध्ये त्याला दोन-तीन सेकंद लागू शकतात.

एकाच मित्राशी निवांत गप्पा मारताना ‘स्लो’ अत्यंत सुखद वाटते. अनेक हौशी चालक संच विकत घेतात, एकदा ‘स्लो’ निवडतात आणि ते बटण पुढे विसरून जातात. धोका नेमका इथे आहे.

हौशी चालकांचे ‘नेट’ डोळ्यांसमोर आणावे. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वारंवारतेवर सारे जमतात आणि एक नियंत्रक केंद्र एकेकाला बोलावते. शंभर वॉटचे, उत्तम अँटेना असलेले केंद्र आपला निरोप संपवते. त्याच क्षणी पाच वॉटचा लहान संच आणि झाडाला बांधलेली तार एवढ्यावर काम करणारा कोणी आपले संकेतनाम उच्चारतो. नुसत्या शक्तीच्या हिशेबाने तो १३ डेसिबल, म्हणजे एस-मीटरच्या दोन पायऱ्या खाली आहे. अंतर आणि आखूड तार त्याला आणखी खाली ढकलतात. संकेतनाम एकदा उच्चारायला दोन-तीन सेकंद लागतात. ‘स्लो’वरच्या एजीसीला सावरायलाही तेवढाच वेळ लागतो. नियंत्रकाचा संच पुन्हा ऐकू लागेपर्यंत त्या माणसाचे बोलणे संपलेले असते. संदेश अँटेनापर्यंत आला, संचात शिरला आणि तरीही कोणाच्या कानी पडला नाही. नियंत्रकाला मात्र शांतताच जाणवते. आपण काही गमावले याची त्याला खबरही लागत नाही.

यावरचा उपाय स्वस्त आहे, फक्त क्रमाने करावा लागतो.

प्रथम अँटेनातून येणारी पार्श्वभूमीची खरखर पाहावी. रात्री ४० मीटरवर नुसत्या खरखरीने एस-मीटर अर्ध्यापर्यंत चढत असेल, तर संचाची संवेदनशीलता गरजेपेक्षा जास्त आहे. प्रीअँप बंद करावा, अ‍ॅटेन्यूएटर लावावा. संदेश आणि खरखर दोन्ही सारख्याच प्रमाणात घटतात, त्यांचे परस्पर गुणोत्तर बिघडत नाही. एजीसीची खरखरीमागे धावण्याची सक्ती तेवढी संपते.

नंतर ‘आरएफ गेन’ हळूहळू कमी करावा. बहुतेक जुन्या वळणाच्या संचांत असे करताना एस-मीटरचा काटा वर सरकतो. तो खरखरीच्या पातळीच्या किंचित वर आला की थांबावे. आता शब्दांमधल्या विरामात वर्धन त्या मर्यादेपलीकडे वाढत नाही आणि पार्श्वभूमी शांत होते. ही शांतता मिळाली की ‘फास्ट’ किंवा ‘मीडियम’ही कानाला त्रासदायक वाटत नाही. नेटवर हाच पर्याय योग्य. मोर्सच्या कडकट्टासाठीही ‘फास्ट’ बरा, कारण दोन टिंबांमधल्या अवकाशातही ऐकता येते.

शेजारच्या वारंवारतेवर कोणी प्रबळ बोलत असेल, तर त्याच्या प्रत्येक शब्दासरशी आपला संदेश दबतो आणि उसळतो. त्यावेळी एजीसीची गती बदलण्याआधी फिल्टर अरुंद करावा. एसएसबीसाठी साधारण २.४ किलोहर्ट्झची रुंदी असते, ती १.८ वर आणली तरी बोलणे समजते आणि शेजारी बऱ्याचदा बाहेर राहतो.

पावसाळ्यापूर्वीच्या संध्याकाळी विजेचा प्रत्येक कडकडाट एजीसीला झडप घालायला लावतो. ‘स्लो’वर संच मग सेकंदभराहून अधिक काळ बहिराच राहतो. इथेही ‘फास्ट’ आणि कमी केलेला आरएफ गेन उपयोगी पडतो. एजीसी पूर्ण बंद करणे हा शेवटचा उपाय. तो करताना आरएफ गेन खूप खाली आणावा आणि हेडफोन सांभाळून वापरावेत, कारण त्या क्षणापासून कानाचे रक्षण फक्त हातावर असते.

या साऱ्याचे मोल संकटकाळी कळते. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा हौशी चालक आपले संच घेऊन तिथे गेले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी प्रक्षेपणासाठीच अंदमानात होते. इतर दळणवळण कोलमडले असताना त्यांनी निरोप पोहोचवले. अशा वेळी सर्वांत निकडीचा निरोप बहुधा सर्वांत क्षीण केंद्राकडून येतो. जिथे हानी जास्त, तिथे वीज नसते, उंच खांब उभा नसतो आणि बॅटरी उतरत आलेली असते.

म्हणून जाणता नियंत्रक संचाची जुळणी करून थांबत नाही. प्रत्येक निरोपानंतर तो सर्वांना क्षणभर गप्प राहायला सांगतो, स्वतःही बोलत नाही, आणि मगच पुढच्या केंद्राचे नाव घेतो. विज्ञान मंडळाच्या मुलांना हे पडताळून पाहायचे असेल, तर एसएसबी ऐकता येईल असा कोणताही संच पुरे. एखादे नेट गाठावे, अर्धा वेळ ‘स्लो’वर आणि अर्धा वेळ ‘फास्ट’वर ऐकावे, आणि दोन्ही वेळा किती संकेतनामे वहीत उतरली ती मोजावीत.