वही पोस्टात टाकण्याआधी
(लोणी, ता. आंबेगाव येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



मघाशी चहाच्या वेळी एका मावशींनी माझ्या हातात वही ठेवली. "घरात कुणाला ठाऊक नाही. छापतंय का कुणी, बघा." त्या कोण, ते सांगणार नाही. पण ठरवलेलं भाषण राहू दे, वहीबद्दलच बोलते.

फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकान चालवायच्या. दुकानात बसून लिहायच्या आणि लिहिलेलं नवऱ्यापासून लपवायच्या. जवळजवळ वीस वर्षं! १९८२ साली ते 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं, १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. शिकलेल्या बाईचं तरी काय वेगळं होतं? मालतीबाईंनी १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' काढलं ते विभावरी शिरूरकर या नावानं. केवढं वादळ उठलं! लिहिलंय काय, यापेक्षा ही बाई कोण, याचाच शोध जास्त.

परदेशात लेखकाच्या वतीनं प्रकाशकाशी बोलणारे एजंट असतात. मराठीत ती पद्धत जवळपास नाहीच. बाईच्या वतीनं बोलायला नवरा नाहीतर भाऊ! मी कथा घेऊन एका प्रकाशकाकडे गेले, तर म्हणाले, "यजमानांना घेऊन या, व्यवहाराचं बोलू." दुसऱ्यांनी छापलं, पण पुढे केलेल्या कागदावर मी न वाचता सही केली. सगळे हक्क कायमचे देऊन बसले. मानधन किती, ते विचारायचीही लाज वाटली. आपण बाजारात कोथिंबिरीच्या जुडीला घासाघीस करतो, इथे मात्र गप्प!

म्हणून नीट ऐका. १९५७ च्या कायद्यानं लिखाणाचा हक्क लिहिणारीचा. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि तुमच्या सहीनं. यजमानांची सही लागत नाही. किती वर्षांसाठी देताय ते कागदावर नसेल, तर पाचच वर्षं धरतात. 'कायमचे' लिहिलं असेल तर मात्र पंचाईत. प्रती किती, मानधन किती, हेही लिहून घ्या. छापायला तुमच्याकडेच पैसे मागितले, तर घरी येऊन चार जणींशी बोला, मग ठरवा.

आणि मावशी, वही मी आज नेत नाही. एकुलती एक प्रत कुणाच्याच हाती द्यायची नसते, माझ्याही नाही. मंचरला जाल तेव्हा झेरॉक्स काढा. झेरॉक्स मला पाठवा, वही तुमच्याकडेच ठेवा. नाव कोणतं घालायचं, ते छापायच्या वेळी तुम्हीच सांगा.