पेटी शिकताना रोजचा अभ्यास
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



घरच्या घरी पेटीचा अभ्यास कसा करावा, यावर चार शब्द बोलायला चिटणीसबाईंनी मला सांगितले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा शास्त्रातले मोठे शब्द माझ्याकडून ऐकायला मिळणार नाहीत. आपल्या भजनाला साथ करता करता जे अनुभवाला आले, तेवढेच सांगते.

आपल्याकडे पेटी शिकायला सुरुवात करणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. पहिल्या आठवड्यात पेटीभोवती बसायला जागा नसते आणि दुसऱ्या महिन्यात दोघी-तिघी उरतात. बाकीच्या म्हणतात, "अहो, या वयात बोटे कुठली वळायला!" मला हे पटत नाही. ज्या हातांना मोदकाच्या कळ्या पाडता येतात, त्या हातांना पेटीवर बोट फिरवणे जड नाही. आपले घोडे अडते ते रोजच्या अभ्यासापाशी.

पुष्कळजणी आठवडाभर पेटीला हात लावत नाहीत आणि रविवारी दोन तास बसतात. दोन तासांत पाठ दुखते, मन कंटाळते, आणि पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! तेच दोन तास सहा दिवसांत वाटले तर रोजची वीस मिनिटे होतात. बोटांना शिकवलेले रात्रीच्या झोपेत मुरते. दुधाला विरजण लावून आपण झाकून ठेवतो ना, तसेच हे आहे. म्हणून मध्ये रात्री जितक्या जास्त, तितका हात लवकर बसतो. वेळ मात्र ठरलेली असावी. कुणाला पहाटेची सोयीची, कुणाला दुपारी जेवणाची भांडी आवरल्यावरची. "वेळ मिळेल तेव्हा" म्हटले की ती मिळत नाही, हे आपणा गृहिणींना सांगायला नको.

आता या वीस मिनिटांत काय करावे? पहिली पाच मिनिटे नुसता सा धरावा. डाव्या हाताने भाता हलका आणि सारखा चालवावा, आवाज मध्येच मोठा नि मध्येच बारीक होऊ देऊ नये. त्या सुरात आपला गळाही मिळवावा. पुढची सात मिनिटे अलंकार वाजवावेत. पांढरी 1 ला सा धरला की सा, रे, ग या स्वरांवर अंगठा, तर्जनी आणि मधले बोट येते. मग अंगठा खालून काढून म वर ठेवावा आणि प, ध, नि, सां यांवर उरलेली बोटे ओळीने टाकावीत. हा अंगठा वळवणे ज्या दिवशी जमले, त्या दिवशी निम्मी पेटी आली असे समजा. सारेग, रेगम, गमप असे वर जावे आणि तसेच खाली यावे. त्यापुढची सहा मिनिटे एकाच भजनाची एकच ओळ घ्यावी. जिथे बोट अडखळते तेवढाच तुकडा दहा वेळा वाजवावा. सबंध भजन दहा वेळा वाजवले तर चूकही दहा वेळा पक्की होते. उरलेली दोन मिनिटे आपल्या मनाची. आवडेल ते वाजवावे आणि हसत उठावे, म्हणजे उद्या पुन्हा बसावेसे वाटते.

लयीसाठी वेगळे यंत्र विकत घ्यायला नको. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदाचा काटा मिनिटात 60 ठोके देतो. पहिले काही दिवस एका ठोक्याला एक स्वर. तो न चुकता येऊ लागला की एका ठोक्याला दोन. घाई केलेली घड्याळ लगेच दाखवून देते, आणि कुणासमोर लाजावेही लागत नाही.

हल्ली मोबाईलवर पाहून मुली चार दिवसांत एखादा अभंग वाजवतात. कौतुकच आहे. पण कुठल्या पट्टीनंतर कुठली दाबायची, एवढेच त्यांनी पाठ केलेले असते. भजनाला बसल्यावर गाणाऱ्या बाई पांढरी 5 ला किंवा काळी 4 ला सूर लावतात आणि वाजवणारी गप्प होते. म्हणून तोच अलंकार पांढरी 1 वरून बसला की दुसऱ्या पट्टीवरून सुरू करावा. काळ्या पट्ट्यांना भिऊ नये. काळी 1 ला सा धरा आणि नुसत्या पाच काळ्या पट्ट्या ओळीने वाजवा, दुर्गा रागाचे स्वर मिळतात. काळी 3 ला सा धरा आणि त्याच पाच पट्ट्या वाजवा, भूप मिळतो. पट्ट्या त्याच, सा बदलला की राग बदलला! हे ज्या मुलीला मी दाखवते, तिचा चेहरा उजळतो.

"आमच्या घरी पेटीच नाही," ही अडचण मात्र खरी आहे. त्यावर थोडा उपाय आहे. मंडळातल्या पेटीवर पुठ्ठा धरून एका सप्तकाच्या सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्या नेमक्या मापाने आखून घ्याव्यात. घरी त्यावर बोटे फिरवावीत आणि स्वर तोंडाने म्हणावेत. बोटांना वळण लागते. पण पुठ्ठ्याला सूर नाही आणि भाताही नाही. तेव्हा खरी पेटी हाताशी हवीच.

आपली पेटी मुळात परदेशातून आली. 1840 च्या सुमारास पॅरिसमध्ये दबँ नावाच्या कारागिराने तिला हार्मोनियम हे नाव दिले. ती पायाने भाता मारायची होती. मांडी घालून बसावे आणि हाताने भाता चालवावा, असे रूप तिला कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी दिले. पुढे तिच्यावर मींड निघत नाही, तिचे स्वर बांधलेले आहेत, अशी टीका झाली आणि 1940 साली रेडिओने तिला बंदी केली. ती बंदी 1971 साली सैल झाली. एवढी वर्षे रेडिओचे दार बंद असूनही पेटी गेली नाही. कारण देवळात, नाटकात, घरोघरच्या भजनात ती रोज वाजत होती.

आणि आपल्या मंडळाची पेटी? ती सहा दिवस कपाटात कुलपात असते, बिघडेल म्हणून. भगिनींनो, बंद पेटीचे सूर दमटपणाने गंजतात, पट्ट्या फुगून अडकतात, कातडे उंदीर-झुरळे खातात. आज मंडळात पेटी वाजवणारी मी एकटी. मी गावाला गेले की भजन नुसत्या टाळांवर होते. उद्या माझे हात थकले तर काय? म्हणून कार्यकारिणीला माझी विनंती आहे, की शिकणाऱ्या प्रत्येकीला पाळीने एकेक आठवडा पेटी घरी न्यायला द्यावी. वहीत नोंद ठेवावी. नेणारीने ती कोरड्या जागी ठेवावी, वाजवून झाल्यावर भाता बंद करून वर कापड घालावे. दुरुस्ती निघालीच तर वर्गणीतून करावी. त्यासाठी जादा वर्गणी द्यायची झाली तर पहिले नाव माझे लिहा.

पुढच्या वर्धापनदिनी या जागी पेटीवर दुसरी कुणी बसलेली असावी आणि मी मागे टाळ धरून बसावे, एवढी माझी इच्छा आहे.