गरोदरपणातील लस : भीती आणि वस्तुस्थिती
(पालक मेळाव्यातील भाषण)



आपले नरसिंहपूर नीरा-भीमेच्या संगमावर वसलेले. शेत, शेण आणि गुरे यांच्याशी आपला रोजचा संबंध. याच माती-शेणात धनुर्वाताचे जंतू वर्षानुवर्षे टिकून राहतात. पूर्वी घरीच बाळंतपण होई. विळ्याने किंवा जुन्या ब्लेडने नाळ कापीत व तीवर राख किंवा शेण लावीत. दोन दिवस छान दूध ओढणारे बाळ मग दूध सोडी, त्याचे अंग ताठ होई आणि बहुधा ते दगावे. लोक म्हणत, बाधा झाली. ती बाधा नव्हती, धनुर्वात होता.

जन्मलेल्या बाळाला लस टोचून हा रोग टळत नाही, कारण तेवढा अवधीच नसतो. म्हणून लस आईला देतात. तिच्या रक्तातील प्रतिकारद्रव्ये वारेतून बाळाला मिळतात. दिवस गेल्याचे कळताच पहिले इंजेक्शन व चार आठवड्यांनी दुसरे. मागच्या खेपेस दोन्ही घेतली असून तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस गेले, तर एकच पुरते. आता त्यातच घटसर्पाचीही लस असते. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते.

लस आणि दवाखान्यातील स्वच्छ बाळंतपण यांमुळे 2015 साली भारताने माता व नवजात बालकांच्या धनुर्वातावर विजय मिळविल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. परंतु देवीचा रोग जसा जगातून गेला तसे याचे होणार नाही. जंतू मातीत आहेतच. लस सोडली की रोग परत येईल.

काही घरांत म्हणतात, ‘या सुईने मूल बंद होते.’ 1976 सालच्या सक्तीच्या नसबंदीने लोकांच्या मनात धास्ती बसली, हे खरे आहे आणि ती अकारण नव्हती. पण या सुईचा नसबंदीशी काडीचाही संबंध नाही. दंड एक-दोन दिवस दुखतो, क्वचित ताप येतो, इतकेच. दोन-तीन लेकरांच्या आयांनाच विचारा. त्यांतल्या बहुतेकींनी प्रत्येक खेपेस ही सुई घेतलेली आढळेल.

सासूबाईंनो, घरचा शब्द बहुधा तुमचा असतो. सूनबाईला तुम्हीच दवाखान्यात घेऊन जा. ती बाळंतपणाला माहेरी निघाली की कार्ड पेटीत ठेवू नका, तिच्या हाती द्या. आणि विद्यार्थ्यांनो, आज घरी गेल्यावर आपल्या आपाचे किंवा भाभीचे कार्ड हाती घ्या आणि पुढच्या इंजेक्शनाची तारीख सर्वांना मोठ्याने वाचून दाखवा. शिकल्याचा एवढा उपयोग तर घराला झालाच पाहिजे.