हिशेबाची बरणी



उन्हाळ्यात आपण काळा मसाला एकदाच करतो, बरणीत भरतो आणि वर्षभर चमचा-चमचा वापरतो. रोजच्या भाजीला नव्याने धने-खोबरं भाजत बसत नाही. संगणकाच्या भाषेत अशा तयार मसाल्याला 'फंक्शन' म्हणतात, आणि बरण्यांच्या फळीला 'लायब्ररी'. तशी एक छोटी फळी मी मोबाईलवर मांडली, ती कशी ते सांगते.

मी सुप्यातल्या एका बचत गटाची सचिव. दर महिन्याला तेच काम: मुद्दल, शेकडा दोन रुपये व्याज, बेरीज. कॉलेजातल्या लेकीकडून पायथन ही भाषा शिकायला घेतली. तिच्यात फंक्शनला मराठी नावही देता येतं. पहिलं फंक्शन लिहिलं 'व्याज'. त्याला मुद्दल, दर आणि महिने द्यायचे. ते तिन्हींचा गुणाकार करून शंभराने भागतं आणि उत्तर देतं. दुसरं 'पूर्ण रुपये', म्हणजे वरचे पैसे काढून रुपयांत उत्तर. तिसरं 'रक्कम', आपल्या पद्धतीने १,००,००० असे स्वल्पविराम देणारं. पायथन स्वतःहून तीन-तीन आकड्यांवर देतं. तिन्ही 'हिशेब' नावाच्या फाईलीत ठेवली. वहीचा प्रोग्रॅम असो की पावतीचा, वर एक ओळ लिहिली की दोन्हींना तीच फंक्शनं मिळतात.

पहिल्याच बैठकीत गोंधळ झाला. एकीच्या १,१२५ रुपयांचं व्याज २२ रुपये ५० पैसे. मोबाईलने २२ दाखवले. दुसरीच्या १,१७५ चं २३ रुपये ५० पैसे. तिला २४ दाखवले. "तिला सूट आणि मला भुर्दंड, असं कसं गं?" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. प्रश्न पन्नास पैशांचा नव्हता, विश्वासाचा होता.

घरी येऊन शोधलं. पायथनचं तयार 'राउंड' बरोबर अर्ध्यावर आलं की जवळची सम संख्या घेतं. मी ते न तपासता वापरलं होतं. पुढच्या बैठकीत ठराव केला: पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर वरचा रुपया. मग 'पूर्ण रुपये' बदललं: आधी अर्धा रुपया मिळवायचा, मग पैसे सोडून द्यायचे. बदल एकाच जागी केला. वही आणि पावती दोन्ही सुधारल्या. आता बायकांनी कागदावर सोडवलेली पाच उदाहरणं मी जपून ठेवली आहेत. काहीही बदललं, की आधी ती पाच ताडून बघते.

आपल्याच सुप्याच्या बाजारात १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. अंगठा उठवणाऱ्या कितीतरी जणांना त्या कागदात काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. पुढे १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. आज आपली वही मोबाईलमध्ये आली. तिच्यातला हिशेब कसा होतो हे आपल्यापैकी एकीला तरी वाचता आलं पाहिजे.

सुरुवात लहान करा. एकच फंक्शन, व्याजाचं. आणि पहिलं उदाहरण पन्नास पैशांचं घ्या, बरं का.